मुलीला खेळायचं नाहीये, मोजायचंय

ऐरोलीकर_बाप
नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहतो, महापेला नोकरी. इथे एरवी वाचनमात्र असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मुलगी बारावी सायन्सला. शाळेत चारशे मीटर पळायची, जिल्ह्यापर्यंत गेली, दहावीत गुडघ्याने दगा दिला आणि पळणं सुटलं. गेल्या नोव्हेंबरात, २ तारखेला, नेरूळला महिला विश्वचषकाची फायनल झाली तेव्हा आम्ही दोघं स्टेडियमात होतो. पावसाने सामना उशिरा सुरू झाला, मध्यरात्रीच्या सुमारास आपण ५२ धावांनी जिंकलो. परत येताना मला वाटलं, आता ही म्हणणार, बाबा मला क्रिकेटला घाला. सोसायटीतल्या चार मुलींनी दुसऱ्याच दिवशी तो हट्ट धरला. ही गाडीत म्हणाली, "बाबा, मागे पुरुषांच्या टीमला पळण्याच्या यो-यो टेस्टचा १६.१ चा आकडा लावला होता, तो ठरवला कोणी? १५.८ वाला घरी आणि १६.१ वाला संघात. मधे फक्त एक फेरी असते, चाळीस मीटरची."

तेव्हापासून डोक्यात तेच. खेळाडू व्हायचं नाही, कोच नाही, फिजिओ नाही. क्रीडाशास्त्रात संशोधन करायचं आणि पुढे कॉलेजात शिकवायचं. आमच्या मातोश्री विचारतात, "म्हणजे पी.टी.चे सर ना?" मला उत्तर देता येत नाही. असं करिअर आपल्याकडे असतं का? पोट भरतं का? कुणी आहे का इथे?

टवाळ_ठाणेकर
पी.टी.चे सर म्हणजे तेच ना, जे गणिताच्या बाईंना तास देऊन टाकायचे? आता त्यांनी गणितच शिकवायचं म्हणता. काव्यात्म न्याय आहे.

गुडघेदुखी
फिजिओ आहे, घणसोलीत क्लिनिक आहे. खरं सांगू का, फिजिओथेरपी करू दे आधी, हातात परवाना राहील. नंतर मास्टर्सला स्पोर्ट्स घेता येतं. नुसत्या क्रीडाशास्त्राच्या पदवीवर दाराबाहेर पाटी लावता येत नाही.

तासिकावाला
काका, तुम्हाला घाबरवायचं नाही, पण कोणीतरी सांगायला हवं. मी एम.पी.एड., सेट, पीएच.डी. असा सगळा डोंगर चढून वर आलो आणि वर सपाटी निघाली. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहे. सकाळी कल्याणच्या बाजूला एक कॉलेज, दुपारी वाशीच्या बाजूला दुसरं. घेतलेल्या तासाचे पैसे, मे महिन्यात काही नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की तंबू ठोकण्यापासून निकालपत्रापर्यंत सगळं आम्हीच, प्रमाणपत्रावर सही मात्र दुसऱ्याची.

जागा भरली जाते तेव्हा पगार वाईट नाही. सहायक प्राध्यापकाचा लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. प्रश्न 'भरली जाते तेव्हा' एवढ्यातच आहे.

ऐरोलीकर_बाप
@तासिकावाला, वाचून पोटात गोळा आला. पण आभार. हेच ऐकायचं होतं.

खोखोवाली
धागा उशिरा दिसला. मी या धंद्यात एकवीस वर्षं आहे. ठाण्यात राहते, नेरूळच्या पुढे शिकवायला जाते, ट्रान्स हार्बरवर उभ्याने पेपर तपासते. विषय: संशोधन पद्धती आणि सांख्यिकी. विद्यार्थी: कबड्डीपटू, खो-खोपटू, दोन-चार बॉक्सर. मी स्वतः खो-खो खेळायचे, पाटीवर आठवी बसायचे.

तासिकावाला यांनी लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे, मीही सहा वर्षं काढली आहेत. त्यामुळे पैशांचं गोड बोलणार नाही. आधी कागदपत्रांचं उरकते.

वाट ढोबळमानाने दोन. एक जुनी: कुठलीही पदवी, मग शारीरिक शिक्षणातली बी.पी.एड., एम.पी.एड. दुसरी: थेट क्रीडाशास्त्राची बी.एस्सी. आणि एम.एस्सी. पुढे दोन्हीकडे नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. ऐच्छिक आहे, नेट/सेट मात्र हवंच. (संशोधन करायचंच असेल तर पीएच.डी. करायचीच आहे, हा भाग वेगळा.) एम.एस्सी.वाल्यांनी जाहिरात नीट वाचावी, 'शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्र' असं लिहिलंय का ते बघावं. एका शब्दावरून अर्ज बाद झालेले मी पाहिलेत. शारीरिक शिक्षण संचालक हे पद हवं असेल तर पळावंही लागतं, त्याबद्दल नंतर.

संस्था: अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून. पतियाळा मुख्यतः कोच घडवण्यासाठी. मुलीने यातल्या निदान एका ठिकाणी जाऊन चार दिवस राहून यावं. माहितीपुस्तकावरून काही कळत नाही.

आता तिच्या प्रश्नाबद्दल. काका, तुमच्या मुलीने गाडीत जे विचारलं, ते मला एम.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं. मी बीप टेस्ट (कॅसेटवरच्या बीपच्या तालावर पळायची) दिली होती, घेतली होती, कॅसेट झिजेपर्यंत वाजवली होती. ती १९८२ साली लेजे नावाच्या माणसाने माँट्रियलमध्ये बसवली, कोणावर बसवली, आकडा आला की त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आमच्याकडे टेस्ट ही देवळातल्या घंटेसारखी असते. आलात, वाजवा, पुढे व्हा.

मौनीबुवा
+१. वाचतोय.

खोखोवाली
(पुढे लिहिते, गाडी कोपरखैरण्याला थांबलीय.)

संशोधन पद्धती शिकवणं म्हणजे काय ते सांगते, कारण मुलीला तेच करायचंय म्हणे. पहिल्या तासाला माझ्यासमोर तीस जण असतात. सगळे मैदानावर वाघ. फळ्यावर 'प्रमाण विचलन' लिहिलं की शेळी. निम्मे मराठी माध्यमातले, पुस्तकं सगळी इंग्रजी. 'नल हायपोथेसिस'ला मी 'शून्य परिकल्पना' म्हटलं तर त्यांना दोन्ही शब्द सारखेच परके. मग मी म्हणते, पंच काय धरून चालतो? की खेळाडू बाद नाही. बाद असल्याचा पुरावा दिसला तर शिट्टी. पुरावा कमी पडला म्हणून तो बाद नव्हताच असं सिद्ध होत नाही, फक्त शिट्टी वाजली नाही. हे त्यांना लगेच कळतं, कारण प्रत्येकाच्या आयुष्यात न वाजलेल्या शिट्टीचा एक किस्सा असतोच.

मग नाणी. प्रत्येकाने दहा वेळा नाणं उडवायचं, छापे मोजायचे. ज्यांचे सगळ्यात कमी छापे त्या दहा जणांना उभं करते आणि सणसणीत ओरडते. लक्ष कुठाय, जेवला नाहीस का, वगैरे. मग परत उडवायला लावते. दहातल्या सात-आठ जणांचे छापे वाढतात. वर्ग हसतो. मी फळ्यावर लिहिते: 'ओरडा खाल्ल्याने नाणे सुधारते.' मग विचारते, तुमच्या कोचने तुम्हाला ओरडल्यावर तुम्ही सुधारलात, ते कशामुळे?

तिथे हसू थांबतं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आवडता क्षण आहे.

बाकी नोकरी एवढी रंजक नाही. प्रबंधांची शीर्षकं ठरलेली: 'अमुक आठवड्यांच्या योगाभ्यासाचा तमुक तालुक्यातील खेळाडूंच्या निवडक शारीरिक चलांवर होणारा परिणाम.' तालुका बदलतो, परिणाम कायम चांगलाच निघतो. आजवर एकाही प्रबंधात योगाचा काही परिणाम झाला नाही असं निघालेलं मी पाहिलेलं नाही. पतंजलीलाही संशय आला असता.

शिट्टीमास्तर
मॅडम, राग मानू नका, पण हे वर्गात बसून नाणी उडवणं सोपं आहे. मी कोपरीत सव्वीस वर्षं मुलं-मुली पळवतोय. पदवी नाही, शिट्टी आहे. तुमच्यासारखे लोक मैदानावर येतात, फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात, परत दिसत नाहीत.

ओरडण्याने सुधारणा होते की नाही ते सोडा. माझ्याकडे आकडे आहेत. नोव्हेंबरात बारा मुलींचं तीस मीटरचं टायमिंग घेतलं. मागच्या सहाजणींना दोन महिने टायर ओढायला लावला. जानेवारीत परत टायमिंग. त्या सहाजणी सरासरी ०.२० सेकंदाने सुधारल्या. ज्यांना टायर दिला नाही त्या पुढच्या सहाजणी उलट ०.०६ ने मागे गेल्या. आता सांगा, टायर काम करतो की नाही? हे नाणं नाही, टायर आहे.

टवाळ_ठाणेकर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मोजून.)

नौपाड्याचे_नाना
सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त, वय ७४. शिट्टीमास्तर, तुमच्या आकड्यांत मला गोडी वाटली, कारण तुम्ही दोन्ही गटांचे आकडे दिलेत. पुष्कळ शिकलेले लोक एकाच गटाचे देतात. पण तुम्ही 'मागच्या' सहाजणी निवडल्यात, तिथे घोळ आहे. एखादी मुलगी त्या दिवशी मागे पडते ती काही अंशी खरंच मंद म्हणून, काही अंशी त्या दिवशी झोप झाली नव्हती, पाय घसरला, घड्याळ उशिरा थांबलं म्हणून. पुढच्या वेळी तो दुसरा अंश तसाच राहील याची खात्री नाही. तेव्हा ती आपोआप मधे सरकते. पुढच्या मुलीही उलट बाजूने मधे सरकतात. गाल्टन नावाच्या इंग्रज संशोधकाने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं.

अवांतर: आपल्या पां. वा. सुखात्म्यांनी हाच मुद्दा जेवणाबाबत मांडला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम बघून पुण्याला परतले. म्हणायचे की एकाच माणसाचं खाणं रोज बदलतं, एका दिवसाची थाळी सरासरीपेक्षा कमी दिसली म्हणून त्याला कुपोषित ठरवू नका. त्यावरून अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला. दोघेही मराठी, दोघेही पुण्यात, दोघांपैकी कोणी हटलं नाही. कोण बरोबर हे आजही चहावर भांडता येतं. पण 'एका दिवसाची मोजणी म्हणजे माणूस नव्हे' हे मला तिथून कळलं.

शिट्टीमास्तर
नाना, तुमचं वय बघून गप्प बसतो. पण ०.२० सेकंद काय हवेतून आले?

खोखोवाली
मास्तर, रागवायचं काही कारणच नाही. फॉर्म भरून पसार होणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणालात ते आमच्या तोंडावर मारण्यासारखंच आहे.

तीन प्रश्न. टायमिंग कोणी घेतलं? किती घड्याळांनी? आणि घेणाऱ्याला माहीत होतं का कुठली मुलगी टायरवाली?

शिट्टीमास्तर
मीच. एका घड्याळाने. आणि मला माहीत नसेल तर कोणाला? टायर माझाच आहे.

खोखोवाली
हां. हाताने घेतलेलं टायमिंग विद्युत टायमिंगपेक्षा सहसा कमी भरतं. सुरुवातीला अंगठा सिग्नलनंतर दाबला जातो, शेवटी मात्र मुलगी येताना दिसत असते म्हणून अंगठा तयारीत असतो. म्हणूनच शंभर मीटरच्या हाती वेळेत ०.२४ सेकंद मिळवून तुलना करायची पद्धत आहे. म्हणजे अंगठ्याची चूक तुमच्या टायरच्या फरकापेक्षा मोठी. ती दोन्ही वेळा सारखीच असेल तर वजाबाकीत निघून जाते. पण 'ही आपली टायरवाली' असं माहीत असलेला अंगठा सारखाच राहतो का, हे देवालाच माहीत. मी तुम्हाला खोटारडं म्हणत नाहीये. माझाही अंगठा वळतो, मी मोजून बघितलंय.

शिट्टीमास्तर
स्पर्धेत तीन घड्याळं असतात ते मला शिकवू नका. तिन्ही वेगळी आली तर मधली धरायची. दोन जुळली तर ती.

नौपाड्याचे_नाना
अहो, मग तुम्ही सव्वीस वर्षं मध्यक काढताय! सरासरी नाही, मध्यक. एक घड्याळ वेड्यासारखं चाललं तरी मध्यक ढळत नाही. नियम करणारा माणूस शहाणा होता.

लिव्हरपूलचा_पाऊस
मूळचा खारघरचा, आता लिव्हरपुलात पीएच.डी. ब्रिटनमधली क्रीडाशास्त्राची पहिली पदवी याच गावात १९७५ साली सुरू झाली, म्हणजे हे शास्त्र तिकडेही माझ्या बाबांपेक्षा लहान आहे. मुलीला सांगायचं तर इकडे येणं म्हणजे स्वर्ग नाही. शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज. आणि अभ्यासांत भाग घेणारे बहुतेक कोण, तर वीस-बावीस वर्षांचे कॉलेजातले मुलगे, कारण तेच फुकटात सापडतात. बाईचं शरीर, चाळिशीचा माणूस, ३४ अंशांतली दमट हवा, यावर पुस्तकात कमीच पानं. मे महिन्यात ठाण्यात पळणाऱ्या बाईचं काय होतं हे ठाण्यातच मोजावं लागेल.

एक गंमत सांगतो. छोट्या नमुन्यावर ठाम बोलता यावं म्हणून आपल्या शाखेने स्वतःची वेगळी सांख्यिकीच काढली होती. २००६ साली बॅटरहॅम आणि हॉपकिन्स यांनी मांडली, दहा-बारा वर्षं धडाधड वापरली गेली. २०१८ मध्ये सैनानी या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की ती पद्धत नसलेला परिणाम 'सापडल्याचं' प्रमाण वाढवते. मग एका मोठ्या नियतकालिकाने ती घेणं थांबवलं. माझ्या गाईडचे जुने निबंध त्याच पद्धतीचे. तो विषय निघाला की ते चहा करायला उठतात.

खोखोवाली
मी ती पद्धत तीन वर्षं शिकवली आहे. त्या तीन बॅचना मेल पाठवून सांगितलं होतं की मी चुकीचं शिकवलं. तिघांचं उत्तर आलं, दोघांनी विचारलं मार्क कमी होणार का.

तासिकावाला
मॅडम, पळण्याच्या परीक्षेचं राहिलं.

खोखोवाली
हो. संचालक पदासाठी पुरुष उमेदवाराला, तिशीपर्यंतचा असेल तर, बारा मिनिटांत १८०० मीटर. चालत-पळत चालतं. आता बारा मिनिटांची धाव म्हणजे कूपरची टेस्ट, १९६८, अमेरिकन हवाई दल. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं की व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा, अंदाज मिळतो. १८०० घालून बघा, २९ येतात. तिशीच्या क्रीडा संचालकाकडून आपण एवढ्याच प्राणवायूची अपेक्षा करतो. बायकांना बाराऐवजी आठच मिनिटं, म्हणजे ते सूत्रच लागू होत नाही. हे मी दरवर्षी गणित म्हणून घालते. एका वर्षी एक विद्यार्थी उत्तराखाली लिहून आला, 'मॅडम, मुलाखत घेणाऱ्यांचीही घ्यावी.' पैकीच्या पैकी दिले.

गुडघेदुखी
वयाचंही लिहा की. माझ्याकडे चौदा वर्षांखालील संघातला मुलगा येतो, दाढी करून येतो.

खोखोवाली
तो स्वतंत्र धागा होईल. क्रिकेट बोर्ड सोळा वर्षांखालच्यांना हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढायला लावतं, ते याचसाठी. पण खोटेपणा बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. वर्षाची कटऑफ तारीख जिथे असेल त्याच्या लगेच नंतर जन्मलेली मुलं वयोगटात थोराड ठरतात आणि जास्त निवडली जातात. कॅनडात आइस हॉकीत १९८५ मध्ये बार्न्सलींनी दाखवलं. मी हौसेने माझ्या विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा घेऊन तोच आलेख काढायला बसले. जूनमध्ये भला मोठा मनोरा! पाच मिनिटं मला वाटलं शोध लागला. मग यादी बघितली, सगळ्यांची तारीख एकच: १ जून.

टवाळ_ठाणेकर
हाहाहा. माझ्या वडिलांची, दोन्ही काकांची आणि आत्याची १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एका दमात चौघांना जन्माला घातलं.

नौपाड्याचे_नाना
माझीही १ जून. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी पोळ्याचा.

ऐरोलीकर_बाप
मंडळी, तीन दिवस धागा वाचतोय आणि मुलगी माझ्या खांद्यावरून वाचतेय. तिला लिहायचंय. माझ्याच आयडीवरून देतोय.

मी मुलगी. शिट्टीमास्तर सर, एक विचारू? नानांचं बरोबर आहे का ते टायरशिवाय बघता येईल ना? म्हणजे रविवारी टायमिंग घ्यायचं, मागच्या सहाजणी लिहून ठेवायच्या, आणि त्यांना काहीच करायला लावायचं नाही. बुधवारी परत घ्यायचं. तरी त्या सुधारल्या तर तेवढी सुधारणा टायरची नाही. मला घड्याळ धरता येतं. ऐरोलीहून कोपरी लांब नाही.

नौपाड्याचे_नाना
शाब्बास. मी माझं घड्याळ घेऊन येतो. गुडघे नाहीत, अंगठा आहे.

शिट्टीमास्तर
या. रविवार, सकाळी सव्वासहा. उशिरा आलात तर गेटच्या बाहेर. नव्याने निवडू मागच्या सहा, जुन्या यादीवर जाणार नाही. आणि हो, शिट्टी मीच वाजवणार, पण तुम्ही कान नाही, माझा खाली येणारा हात बघायचा. आवाज तीस मीटर यायला वेळ लागतो. हे मला कोणत्या पुस्तकात सांगितलं नव्हतं.

लिव्हरपूलचा_पाऊस
जवळजवळ ०.०९ सेकंद लागतात, सर. दंडवत.

ऐरोलीकर_बाप
गुरुवार रात्र. वृत्तांत देतो, आकडे मुलीचे.

रविवारी पोचलो तेव्हा मास्तर चुन्याने रेघ ओढत होते. नाना रिक्षातून उतरले, कानटोपी घालून. तीन घड्याळं: नाना, मुलगी, आणि मॅडम स्वतः. प्रत्येक मुलगी दोनदा, दरवेळी मधलं टायमिंग, मग दोन्हींची सरासरी. एका पोरीच्या एकाच धावेला तीन घड्याळांनी ५.१२, ५.२७ आणि ५.०४ दिलं. तिथे मास्तर बराच वेळ त्या कागदाकडे बघत उभे होते. ५.२७ नानांचं होतं. नाना म्हणाले, "अंगठाही निवृत्त झालाय."

मधे दोन दिवस सुट्टी, सराव नाही. मास्तरांनी मुलींना वडापाव दिला, तेवढाच. बुधवारी परत.

रविवारी मागे असलेल्या सहाजणी: ५.४६ वरून ५.३७.
रविवारी पुढे असलेल्या: ५.०१ वरून ५.०८.
बाराजणींची मिळून सरासरी ५.२४ होती, ५.२३ झाली. म्हणजे जागच्या जागी.

टवाळ_ठाणेकर
वडापाव काम करतो! सहा आठवड्यांच्या वडापावाचा ठाणे तालुक्यातील... कोण गाईड होतंय?

शिट्टीमास्तर
बघितलं. मागच्या पोरी टायर न ओढता ०.०९ ने पुढे आल्या. पुढच्या ०.०७ ने मागे, आणि माझ्या जुन्या आकड्यांत त्या ०.०६ ने मागे होत्या. मी तेव्हा त्यांना आळशी झालात म्हणून दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या होत्या. आज त्यातल्या एकीला सांगितलं, चुकलं माझं. ती म्हणाली, सर काय झालं तुम्हाला?

पण ०.२० मधून ०.०९ गेले तरी ०.११ राहतात. ते माझे.

नौपाड्याचे_नाना
तुमचे असतीलही. सहाजणींची सरासरी घेतली की एकेका अंगठ्याची चूक बरीच विरते, सहाच्या वर्गमुळाने भागली जाते, तेव्हा ०.११ अगदीच फेकून देण्यासारखे नाहीत. पण त्यात टायर किती, दोन महिन्यांत वाढलेलं वय किती, तुम्ही त्या सहाजणींकडे जास्त लक्ष दिलंत ते किती, हे वेगळं करता येत नाही. आणि हा ०.०९ देखील एकाच आठवड्याचा. परत केलं तर ०.०५ येईल किंवा ०.१२.

खोखोवाली
मी बुधवारी परतीच्या गाडीत मुलीशी बोलले. काका, तिने मला विचारलं की टायर कोणाला द्यायचा हे टायमिंगवरून न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर? आणि घड्याळ धरणाऱ्यांना चिठ्ठ्या दाखवायच्याच नाहीत. मी तिला या दोन्ही गोष्टींची पुस्तकातली नावं सांगितली नाहीत, पहिल्या सेमिस्टरसाठी ठेवली आहेत.

बारावीचे पेपर झाले की करू या. मास्तर तयार असतील तर आधी पालकांची संमतीपत्रं लागतील, मुली अठराच्या आतल्या आहेत. मुलींनाही वेगळं विचारायचं, नुसती आईची सही पुरत नाही. मराठीत मी लिहिते, एक पान, 'कधीही सोडून जाता येईल' हे वाक्य ठळक.

शिट्टीमास्तर
तयार आहे. फॉर्म भरून पसार व्हायचं नाही एवढीच अट.

तासिकावाला
मला घ्याल का? मे महिन्यात मोकळाच असतो.

खोखोवाली
घड्याळ तुमचं.

शिट्टीमास्तर
अडचण. संमतीपत्रं अजून छापायची आहेत आणि बातमी आधीच फुटली. चिठ्ठ्यांचं ऐकून माझ्या सगळ्यात वेगवान पोरीच्या आईचा फोन आला, चिठ्ठीत टायर निघाला नाही तर माझ्या मुलीने काय वाईट केलंय? दहा मिनिटांनी दुसऱ्या आईचा, माझ्या मुलीच्या वाट्याला तो टायर का? काय सांगू दोघींना?

ऐरोलीकर_बाप
(मुलगी) सर, दोघींना सांगा की दोन महिन्यांनी गट बदलायचे. टायर सगळ्यांना मिळणार, आधी कोणाला ते चिठ्ठी ठरवणार. आणि दोन्ही वेळा टायमिंग मी घेणार नाही, कारण मला आता सगळ्यांची नावं पाठ झालीत.